बुद्धिबळाच्या टेबलाचं वजन

तीर्थरूप दाजींच्या चरणी, समोरच्या दारातल्या शालकाचा साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला. क्षमा आधी मागून ठेवतो आणि कारणं मागाहून सांगतो, कारण कारणं ऐकल्यावर तुम्ही क्षमा कराल याची मला खात्री नाही. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे उजवा गुडघा सोडला, पोटातला वायू सोडला आणि सकाळी उठल्याबरोबर डाव्या कानात शिट्टी वाजते ती सोडली, तर तक्रारीला जागा नाही. (शिट्टीचं मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, लक्ष देऊ नका. आता लक्षच द्यायचं नसेल तर ती वाजते कशाला?) तुमची कंबर कशी आहे? काठी हातात घेता की नुसती दाराआड उभी करून ठेवता? ताईचा खोकला? कानातलं यंत्र लावता का? फोनवर तर तुमच्याशी बोलायची सोयच राहिलेली नाही. मी काही विचारलं की ताई तुमच्याकडे तोंड करून ओरडते, मग तुम्ही बराच वेळ काहीतरी बोलत असता, मला इकडे नुसता आवाज ऐकू येतो, आणि शेवटी ताई मला सांगते, "ते बरं म्हणतायत." एवढ्या लांबलचक बोलण्यातून माझ्या वाट्याला "बरं" येतं. म्हणून हे पत्र.

एक विनंती आत्ताच करतो. गेल्या पत्राचं उत्तर म्हणून तुम्ही माझंच पत्र तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवलंत. तुम्ही जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलीत, मी त्याच छापखान्यात खालच्या मजल्यावर कागद कापले, त्यामुळे तुमची सवय मला समजते. पण नुसतं समासात "वाक्य लांबले" आणि खाली सही? मी ते पत्र उलटसुलट करून पाहिलं, उजेडासमोर धरून पाहिलं, कुठे आठवण येते वगैरे लिहिलं असेल म्हणून. आठवण हा शब्द एकदाच होता आणि तो माझाच होता, तुम्ही त्यातला ण तेवढा नीट काढून दिला होता. तेव्हा या खेपेला माझ्या चुका तशाच राहू द्या आणि आपल्या मनातलं चार ओळी लिहा.

आता उशिराचं कारण. तुमच्या लेकीने, म्हणजे आपल्या चिमीने, तुम्हा दोघांना तिच्याकडे नेल्यावर मध्यंतरी फोन करून मला सांगितलं की तुमच्या कंबरेला आता तीन जिने झेपणार नाहीत, तेव्हा इथल्या खोल्या सोडायचं ठरलं. कोणी ठरवलं ते मी विचारलं नाही. महिनाअखेरीपासून या खोल्या घेणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या आणि पुढच्या खोलीच्या खिडक्या फितीने मोजून गेल्या. बाई वाईट नाहीत. पण मोजून दमल्यावर त्या सरळ तुमच्या खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, तिचा एक पाय हलतो. (हलत नाही. तुम्हाला माहीत आहे.) बाई उठल्या आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या, तेव्हा मला जरा बरं वाटलं आणि मग दिवसभर वाईट वाटलं.

चिमी म्हणाली, "मामा, किल्ली तुझ्याकडेच आहे, तर घरात काय काय आहे त्याचा एक तक्ता कर. वस्तू, कुठल्या खोलीत आहे, वजन किती आणि निर्णय. निर्णयात ठेवा, विका किंवा टाका. एकूण वजन कळलं की छोटा ट्रक सांगायचा का मोठा ते मी बघते." मी म्हटलं, कागद-पेन्सिल घेऊन उद्याच करतो. तर म्हणाली नको, माझा जुना संगणक पाठवते, त्याच्यावर कर, तुझा वेळही जाईल. माझा वेळ जात नाही हे तिला कोणी सांगितलं? ताईने सांगितलं असणार. ताईला म्हणावं, माझा वेळ उत्तम जातो. सकाळी तुमच्याकडचे नळ बघून येतो, दुपारी खिडक्या बघून येतो, संध्याकाळी कुलूप ओढून बघतो, आणि झोपताना गॅस बंद आहे ना याची काळजी करतो. (तुमचा गॅस तुम्ही गेलात त्याच आठवड्यात काढून नेला. तरी करतो.)

तर संगणक आला. त्यात चिमीने तिच्या कचेरीतली भाषा घालून दिली आहे. भाषेचं नाव आर. एवढंच, पुढे-मागे काही नाही. चिमीच्या कचेरीत कुठल्या वस्तीत किती माणसांना कुठला आजार आहे, असले लाखभर ओळींचे तक्ते येतात आणि ती या भाषेत हुकूम लिहून त्यांना क्रमाने लावते, गटागटाने वेगळं करते आणि शेवटी त्यांचं सार काढते. आपण एक ओळ लिहायची, ती खाली उत्तर देते. ओळ चुकली तर तांबड्या अक्षरांत बोलते. पहिल्या दिवशी मला एवढं तांबडं पाहायला मिळालं की वाटलं दाजीच आत बसलेत. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दोन-चार चुका मुद्दामच केल्या.

मग वजनं. औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरकडून माणसं उभी राहतात तो वजनकाटा मागून आणला. पद्धत अशी की आधी मी एकटा उभा राहायचं, मग वस्तू उचलून उभं राहायचं, आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचा. इस्त्री, घड्याळ, ताईचं शिवणयंत्र, इथपर्यंत ठीक चाललं. पण जेवणानंतर माझंच वजन वाढतं, त्यामुळे सकाळी केलेली घागर दुपारी जड भरली. सगळं उपाशीपोटी पुन्हा केलं. लोखंडी कपाट मी दोन्ही हातांनी कवटाळलं, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दार उघडं बघून आत डोकावल्या. मी त्या कपाटाला मिठी मारून, डोळे मिटून उभा होतो. त्या आल्या पावली निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून मला भेटल्या की फार हळू आवाजात बोलतात. एकदा तर "काही लागलं तर सांगा हं काका" म्हणाल्या. आता त्यांना वजाबाकीची पद्धत समजावणं आणखी वाईट दिसेल.

कपाट आणि पलंग उचलेनात, त्यांची वजनं शेवटी फर्निचरच्या दुकानात विचारून आणली. वजनं लिहून झाल्यावर चिमीने सांगितलेला क्रम लावायचा हुकूम दिला. हलकं आधी, जड नंतर. तर यंत्राने नुसती वजनं दाखवली, त्यात कपाटाचे एकशेवीस किलो वर आणि इस्त्रीचे दोन किलो त्याच्या खाली. मी फोन केला. चिमी म्हणाली, "मामा, तू प्रत्येक आकड्यापुढे किलो असं लिहिलंयस का?" अर्थात लिहिलं होतं. नुसतं दोन लिहिलं तर दोन काय, माणसं का बोटं? तर म्हणे त्यामुळे यंत्र त्याला आकडा समजतच नाही, शब्द समजतं, आणि शब्दांत पहिलं अक्षर बघतात, म्हणून एकने सुरू होणारं दोनच्या आधी. मी सगळे किलो एकेक करून पुसले. त्यात दोन दिवस गेले. चिमी म्हणाली, एका ओळीच्या हुकुमात सगळे एकदम पुसता आले असते. हे तिने मला पुसून झाल्यावर सांगितलं.

आता पुढचं ऐकताना ताई जवळ असेल तर तिला पाणी आणायला पाठवा.

मला वाटलं निर्णयही क्रमाने लावून ठेवावेत, म्हणजे टाकायचं एकत्र, ठेवायचं एकत्र, विकायचं एकत्र. मी तोच सॉर्ट नावाचा हुकूम दिला आणि लावलेला क्रम परत निर्णयाच्या रकान्यात भरला. यंत्र एका शब्दाने तांबडं झालं नाही, म्हणून मला वाटलं बरोबर आलं. पण झालं काय, की निर्णयाचा रकाना तेवढा एकटाच हलला आणि बाकीचं सगळं जागच्या जागी राहिलं. तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. कागदांचा गठ्ठा मी मधोमध उभा कापला, डाव्या भागाला हात लावला नाही, आणि उजव्या भागातले कागद खालीवर करून परत त्याला चिकटवून दिले. आता माझा तक्ता खोल्यांप्रमाणे होता, आधी पुढची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर. निर्णय वर्णानुक्रमाने आले, आधी टाका, मग ठेवा, मग विका. त्यामुळे पुढच्या खोलीतलं जवळजवळ सगळं टाका झालं, त्यात तुमची खुर्ची, कोश आणि लग्नातला फोटो. मधल्या खोलीतलं ठेवा झालं, त्यात फुटकी बादली, झुरळाचं औषध आणि मागच्या भाडेकरूचा एक बूट. आणि स्वयंपाकघर सगळं विका.

तुम्ही म्हणाल, तुझ्या लक्षात कसं आलं नाही. आलं, दाजी. फोटो टाका हे वाचून मी चांगला हबकलो. पण मला वाटलं हे यंत्र लाखभर माणसांचे आजार बघतं, त्याने काहीतरी विचार केला असेल. बूट ठेवायला सांगतंय त्याअर्थी बुटात काहीतरी असेल. मी बूट चांगला पुसला. आत हात घालून बघितलं. तक्ता चिमीला पाठवून दिला. चिमीने तो कामाच्या गर्दीत न वाचता जुन्या सामानाच्या दुकानदाराला पाठवला, आणि दुकानदार दोन गडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर झाला.

त्याने स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. ताईचं चहाचं पातेलं, ज्याची चोच वाकलेली असल्याने चहा नेहमी बशीत पडतो, ते गड्याच्या हातात बघितलं. तरी यंत्राचा निर्णय म्हणून मी त्याला वाट करून दिली. मग ते पुढच्या खोलीत आले. दुकानदार म्हणाला, "काका, हे टाकायचं सामान आम्ही नेत नसतो, पण स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी वाट करावी लागेल, हे टेबल जरा बाजूला घेतो." आणि त्याने आपल्या बुद्धिबळाच्या टेबलाला हात घातला.

ते टेबल तुम्ही गेलात तसंच आहे. त्या दिवशी खाली टॅक्सीने भोंगा वाजवला, ताई जिन्यातून हाका मारत होती, आणि तुमची खेळी होती. तुम्ही उठताना म्हणालात, "हात लावू नकोस, मला सुचलेलं आहे." मी लावला नाही. धूळ ताईच्या रंगाच्या बारीक कुंचल्याने झटकतो, एकेका मोहऱ्याभोवतीने. तेव्हा त्या माणसाचा हात बघून मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण गड्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी टेबलावर आडवा होणार होतो आणि ऐन वेळी मोहरे आठवून टेबलाखाली आडवा झालो. तिथूनच मी चार पाय धरून ठेवले. दुकानदार बिचारा खाली वाकला.

"काका, बाहेर या. नाही नेत."

"तक्त्यात काय लिहिलंय याच्यापुढे?"

"टाका लिहिलंय."

"मग तक्ता चुकीचा आहे."

"हे आधी का नाही बोललात? आम्ही तीन जिने चढलो की." मग तो पटाकडे बघत राहिला. "पाळी कोणाची आहे?"

"काळ्याची. आमचे दाजी."

"पांढऱ्याचं काही खरं दिसत नाही."

पांढरा मी आहे. पण तो माणूस जाणकार होता हे मान्य करायला हवं. पातेलं त्याने खाली ठेवलं, गड्यांना चहाला पाठवलं आणि जाताना म्हणाला, तक्ता नक्की झाला की बोलवा. (त्याचं बोलणं मी नंतर तुमच्या खुर्चीत बसून पडताळलं. तुमच्या बाजूने बघितलं तर माझी अवस्था खरंच वाईट आहे. माझ्या बाजूने इतकी वाईट दिसत नाही.)

त्या संध्याकाळी चिमीने मला समजावलं की सॉर्ट एका रकान्याला घरच्यांपासून सोडवून एकटाच रांगेत उभा करतो. आपल्याला हवा होता तो ऑर्डर नावाचा दुसरा हुकूम. तो आधी नुसतं विचारतो, कोण कुठल्या जागी जाईल, आणि मग अख्खी ओळ उचलतो, म्हणजे वस्तू, तिची खोली, तिचं वजन, तिचा निर्णय, सगळे एकमेकांचा हात धरून हलतात. मी म्हटलं, चिमे, हे मला आधी का शिकवलं नाहीस? तर म्हणाली, "मामा, तू आता पुरे म्हणालास, पुढचं मला येतं म्हणालास." मी असं म्हणालो असणं शक्य आहे.

तर पहिल्यापासून पुन्हा केलं आणि आता तक्ता बिनचूक आहे. फोटो ठेवा, खुर्ची ठेवा, बूट टाका. समरी म्हणून एक हुकूम आहे, तो दिला की सगळ्यांचं सार चार ओळींत येतं. सगळ्यात हलकं काय, सगळ्यात जड काय, सरासरी काय, आणि मध्यावर कोण, म्हणजे ज्याच्या एका बाजूला निम्म्या हलक्या वस्तू आणि दुसऱ्या बाजूला निम्म्या जड. तुमच्या घराच्या मध्यावर कोण निघालं सांगू? ज्यावर बसून मी खेळतो ते स्टूल.

मग मी स्वतःच्या डोक्याने एक रकाना वाढवला. वस्तू कोणाची. दाजींची, ताईची, दोघांची, चिमीची. लिहायला घेतलं आणि पाचवं नाव लिहावं लागलं. दाराजवळची छत्री माझी. घसरत्या तळव्याच्या चपला माझ्या. खिडकीतला चष्मा, जो हरवला समजून मी डॉक्टरकडून दुसरा घेतला, तो माझा. मफलर, उशी, औषधाची निम्मी डबी, कप. त्या रकान्याप्रमाणे गट पाडून यंत्राला विचारलं, तर ताईच्या खालोखाल तुमच्या घरात सगळ्यात जास्त वस्तू माझ्या. आणि मग मी समोर माझ्या खोलीत येऊन बघितलं, दाजी. एक पलंग, एक पिंप आणि एक दोरी. मी इतकी वर्षं इथे नुसता झोपायला येत होतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता फक्त एकूण वजन राहिलं, आणि इथेच घोडं अडलं आहे. सगळं भरलं, बुद्धिबळाच्या टेबलाचं वजन भरलेलं नाही. ते उचलून काट्यावर उभं राहायचं म्हणजे मोहरे सरकणार. मी एकदा बोटभर उचलून बघितलं, तुमचा वजीर डुलायला लागला, लगेच ठेवलं. मोकळी जागा सोडली की ही भाषा तिथे एन ए असं लिहिते, म्हणजे माहीत नाही. आणि एवढ्या ओळींत एक जरी एन ए असला तरी एकूण किती विचारल्यावर उत्तर एन ए येतं. कपाटाचं माहीत आहे, पलंगाचं माहीत आहे, सुईदोऱ्याच्या डबीचं माहीत आहे, पण एकाचं माहीत नाही, तर सगळ्यांचं मिळून माहीत नाही. समरीचं वागणं वेगळं. ती शहाण्या कारकुनासारखी बाकीच्यांचा हिशोब नीट सांगते आणि शेवटी बारीक आवाजात म्हणते, एक गैरहजर. बेरीज तशी नाही. तिचं म्हणणं, एक जण आलेला नाही ना, मग मला काही विचारू नका. मला बेरजेचा स्वभाव पटला.

चिमीला हे सांगितलं तर ती हसली. "मामा, रोजचंच आहे हे. हुकुमाच्या शेवटी एवढंच लिही, जे नाही ते वगळून कर. आम्ही दिवसातून पन्नासदा लिहितो." तिने अक्षरं सांगितली. मी लिहूनही काढली. ती म्हणाली, "नाहीतर सरळ पटाचा फोटो काढ, मोहरे डबीत भर, टेबल वजन कर, इकडे आल्यावर फोटो बघून परत मांडू." पण दाजी, उचलून परत मांडला की तो आपण अर्धवट ठेवलेला डाव राहत नाही, फोटोवरून उतरवलेला डाव होतो. हे तिला पटलं नाही. तुम्हाला पटेल. आणि वगळून करायचा तो हुकूम मी शेवटच्या कंसापर्यंत लिहिला होता, फक्त कळ दाबायची होती. मी दाबली नाही. संगणकाचं झाकण लावलं आणि तुमचे नळ बघून आलो. तेव्हापासून चिमी फोनवर विचारते, "झालं का?" आणि मी सांगतो, यंत्र एन ए म्हणतंय. ट्रक छोटा का मोठा ते त्यामुळे अडलं आहे, शिवणकामवाल्या बाई अडल्या आहेत, आणि महिनाअखेर आली. मी कोणाला अडवतो आहे असं कृपा करून समजू नका. यंत्रच सांगत नाही त्याला मी काय करणार.

माझी काळजी करू नका. मला इथे काही कमी नाही. जेवण खानावळीतून येतं, ते गरम असतं, निदान खानावळीत असेपर्यंत. तुम्ही निघालात तेव्हा टॅक्सीच्या खिडकीतून चिमी म्हणाली होती, "मामा, तू पण चल ना." निघताना माणसं असं बोलतातच. मी तिला म्हटलं होतं तेच आजही म्हणतो, की माझ्या कुंडीतल्या झाडाला पाणी कोण घालणार, आणि या वयात मी जागा बदलणारा माणूस नव्हे. उलट तुम्हीच कंबर बरी झाली की चार दिवस येऊन खेळी करून जा. तीन जिन्यांवर तीन खुर्च्या ठेवतो, टप्प्याटप्प्याने या.

ताईला नमस्कार. चिमीला आशीर्वाद आणि म्हणावं रात्री जागू नकोस. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, तांबड्या शाईत नको.

तुमचा,
समोरचा

ता. क. – वर मी पटाला हात लावला नाही असं लिहिलं आहे ते खरं आहे, पण मी टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटलं आणि तुमचं एक प्यादं पडलं. ते लगेच परत ठेवलं. बरोबर त्याच घरात ठेवलं, निदान शेजारच्या नाही. तुमच्या लक्षात काही वेगळं असेल तर ते प्रत्यक्ष बघूनच ठरवावं लागेल.

दुसरी ता. क. – कुंडीतलं झाड गेल्या महिन्यातच वाळलं. मी पाणी घालत होतो. बहुतेक जास्त घातलं. हे चिमीला सांगितलेलं नाही.

तिसरी ता. क. – पत्र पाकिटात घालून परत काढलं म्हणून अक्षर तिरकं आहे. ताई जवळ असेल तर हे मोठ्याने वाचू नका. तक्त्यात मी आज शेवटी एक ओळ वाढवली आहे. वस्तू : शालक. खोली : समोरची, पण बहुतेक वेळ पुढची. वजन : बावन्न किलो, हे मात्र मला उपाशीपोटी पक्कं माहीत आहे. वजनाच्या क्रमाने लावलं तर मी ताईच्या ट्रंकेनंतर आणि तुमच्या पलंगाच्या आधी येतो, म्हणजे फार जागा व्हायची नाही, आणि छोट्या ट्रकातसुद्धा मी टेबल मांडीवर धरून, मोहऱ्यांवर हात ठेवून बसू शकतो. मग त्याचं वजन वेगळं भरायला नको, माझ्यातच धरा. निर्णय हा रकाना मी त्या ओळीत रिकामा ठेवला आहे. तिथे ठेवा, विका, टाका यातलं काय लिहायचं ते मला एकट्याला लिहिता येत नाही. नुसता एक शब्द, तांबड्या शाईत लिहिलात तरी चालेल. पण दाजी, लवकर पाठवा.